गाडी भरणारे नाना

दुपारी झोपेत नाना ओरडायचे, "चोपडा, चोपडा, चोपडाऽऽ!"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी वरच्या भाड्याच्या खोलीतून धडाधडा जिना उतरत खाली आले. वाटलं, म्हाताऱ्याला उन्हाचं काही झालं. बघते तर नाना ओट्यावरच्या खाटेवर उताणे पडलेले, डोळे मिटलेले, एक हात हवेत, आणि तो हात कुणाला तरी जवळ बोलावतोय. समोर रस्त्यावर चिटपाखरू नाही. मे महिन्यातलं जळगाव दुपारी असंच असतं, सगळं गाव जणू कूलरच्या घरघरीत बुडून जातं. मी नानांना हलवलं, तर डोळे न उघडता म्हणाले, "पुढली सीट खाली शे, व माय. बठ."

मी पायरीवर बसून इतकी हसले की ते जागे झाले.

तर हा माणूस पस्तीस वर्षं जळगावात काळ्या-पिवळ्या जीपगाड्या भरायचा. स्टँडबाहेरच्या लिंबाखाली उभं राहायचं, चोपड्याच्या प्रवाशांना हाका मारायच्या, गाडीत बसवायचं, गाडी भरली की मागच्या पत्र्यावर दोन थापा मारायच्या. थाप पडली की ड्रायव्हर निघायचा आणि नाना पुढच्या गाडीकडे वळायचे. एवढं करून त्यांनी स्वतः चोपडा बघितलं नव्हतं. दीड तासाचा रस्ता! मी धुळ्याची, आमच्याकडचा माणूस इतक्या वेळात साक्रीला पोचून चहाही पिऊन घेतो.

"नाना, खरंच एकदाही नाही गेलात?"

"कसा जाऊ? गाडी भरनी का सुटस. मी मांगे राही जास."

हे ते तक्रार म्हणून सांगत नव्हते. पाऊस वरून पडतो, तसं सांगत होते. पण तेव्हापासून मला त्या माणसाचा लळा लागला, हे आता कबूल करून टाकते. तेव्हा मात्र मी त्यांच्यावर सारखी खेकसत असे.

खेकसायचं कारण चहा. नानांकडे चहा चारला व्हायचा, आणि चार माणसं जमल्याशिवाय पातेलं गॅसवर चढत नसे. घरात ते एकटे. मुलं-बाळं नाहीत, नानी जाऊन बरीच वर्षं झालेली. मग साडेतीनपासून ओट्यावर उभं राहून माणसं गोळा करायचं काम सुरू. समोरच्या दुकानातला शिंपी एक, रस्त्याने जाणारा कुरिअरवाला दोन, नाना स्वतः तीन, आणि चौथी सीट भरत नसली की जिन्याखालून हाक यायची, "माय व, एकच सीट ऱ्हायनी!" मी पुण्याच्या साहेबांबरोबर व्हिडिओवर बोलत असायची, आणि साहेब विचारायचे, कुठे निघालाय तुम्ही?

कुठे निघणार, कपाळ! खाली जाऊन चहा प्यायची.

बरं, जमलेल्यांना वाटेल तिथे बसता यायचं नाही. नाना प्रत्येकाकडे क्षणभर बघायचे आणि जागा दाखवायचे. शिंप्याची आणि माझी एकदा ब्लाउजच्या मापावरून वाजली होती, तर पुढचे आठ दिवस आमच्यामध्ये कुरिअरवाला. नवव्या दिवशी शेजारी बसवलं, आणि खरोखर तोवर माझा राग गेलेला होता. हे त्यांना कसं कळलं, देव जाणे.

गाड्याही ते अशाच भरायचे. बाकीचे लोक माणसं कोंबायचे, नाना माणसं लावायचे. उलटी होणारी बाई खिडकीशी, हे कुणीही करील. पण रडत सासरी निघालेली पोर असली, तर तिच्याशेजारी बडबडी म्हातारी. परीक्षेला निघालेला मुलगा असला, तर त्याच्याबाजूला झोपाळू माणूस, म्हणजे त्याला पुस्तक उघडता येईल. कोर्टात एकमेकांविरुद्ध उभे राहणारे दोन साडू एकदा एकाच गाडीला आले. नानांनी त्यांच्यामध्ये भरताच्या वांग्यांची टोपली घेतलेली एक मावशी बसवली. वांगी सांडू नयेत म्हणून दोघांनी दोन्ही बाजूंनी टोपली धरली ती थेट चोपड्यापर्यंत, असं ड्रायव्हरने परत येऊन सांगितलं. आणि दवाखान्यात माणूस घेऊन आलेला एखादा एकटाच परत निघाला, की नाना त्याला काही न विचारता ड्रायव्हरशेजारी बसवायचे, आणि ड्रायव्हरला डोळ्यानेच सांगायचे, आज गाणी नको.

"एवढं कसं कळायचं तुम्हाला? विचारायचात का सगळं?"

"हट! कोन शे ते इचारानं नई. कोठे जानं शे, तेच इचारानं."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं, त्याची गणती नाही. पस्तीस वर्षांत त्यांनी एकाही प्रवाशाला नाव विचारलं नव्हतं. माझंही विचारलं नाही. मी खोली बघायला आले तेव्हा फक्त म्हणाले, "किती दिन ऱ्हाशी?" मी दोन वर्षं म्हटलं, आणि किल्ली माझ्या हातात आली.

आता माझ्या कामाचं सांगते. मी एका मोबाईल गेमच्या कंपनीत होते. कंपनी पुण्यात, मी वरच्या खोलीत. गेम असा की चार अनोळखी माणसं ऑनलाइन एकत्र येतात आणि मोहिमेला जातात. डोंगर चढायचा, गुहेत शिरायचं, नदी ओलांडायची. एकट्याला जाता येत नाही. तेव्हा खेळायला आलेल्यांतली कोणती चार माणसं एका टोळीत बांधायची, हे ठरवणारी एक यंत्रणा असते. ती माझ्याकडे होती.

एकदा चहाच्या वेळी मी हे नानांना समजावलं. त्यांनी बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांच्या भाऊबंदांतली निघाले.

"म्हंजे तू बी गाड्या भरस!"

मला राग आला. चार वर्षं घासून डिग्री घेतलेली. "मी इंजिनिअर आहे, नाना."

"मंग मी काय व्हतो?"

शिंपी हसून हसून लोळायचा बाकी होता.

पुढे शिंप्याने दुकान दुसऱ्या पेठेत हलवलं, कुरिअरवाला बदलला, आणि चारच्या चहाला माणसं जमेनात. रस्त्याने जाणारा जो तो मोटरसायकलवर, हात केला तरी थांबत नाही. काळ्या-पिवळ्याही कमी झालेल्या. नाना साडेतीनला ओट्यावर उभे राहायचे आणि पाचला आत जायचे, चहा न पिता. मला बघवेना. शिवाय खरं सांगायचं तर रोजच्या हाकेपासून सुटकाही हवी होती. मी त्यांच्या मोबाईलवर आमचा गेम टाकून दिला. म्हटलं, "नाना, इथे चौघं जमल्याशिवाय सुटत नाही."

त्यांनी भूमिका निवडली ती मशालवाल्याची. ही कुणी घेत नाही. मशालवाल्याला लढता येत नाही, नुसतं पुढे चालून उजेड दाखवायचा. नानांना वाटलं, हे आपलंच काम.

त्या वेळी यंत्रणा जुनी होती, संथ. ती आधी जवळपासचे खेळाडू शोधायची आणि चौघं भरेपर्यंत थांबायची, चार मिनिटं, पाच मिनिटं. भर दुपारी चारला मशालवाल्याबरोबर सावकाश जाणारी माणसं असून असून किती असणार? रोज तीच तिघं नानांच्या वाट्याला यायला लागली. एक निळ्या टोपीची धनुर्धर, एक ढालवाला, एक जाडा वैद्य. कुणी कुणाशी बोलत नसे. जमले की निळी टोपी दोन उड्या मारायची. मग ढालवाला, मग वैद्य, मग नाना. म्हणजे राम राम झाला. मग निघायचे.

मला त्या दुपारी अजून दिसतात. बाहेर ऊन नुसतं थरथरतंय, दारातल्या लिंबाची सावली ओट्याच्या कडेला येऊन थांबलीय, आणि नाना मोबाईल दोन्ही हातांत दिव्यासारखा धरून बसलेत. पडद्यावर काळा डोंगर, त्यावर चढणारी चार माणसं, सगळ्यांत पुढे मशाल. कधी मशाल वळायची आणि मागच्या तिघांचे चेहरे उजळायचे. नाना हळूच बोलायचे, "सातपुडाच शे हाई." मग थोड्या वेळाने, "आपले आत्ते चोपडा लागी, आसं वाटस."

एकदा म्हणाले, "माय, पस्तीस वर्षं गाडीनी पाठ देखी. रस्ता आत्ते देखी ऱ्हायनू."

मी उठले. वर जाऊन काम करत बसले. आणि काम काय, तर ही जुनी यंत्रणा काढून नवी बसवायची.

कंपनीचं म्हणणं होतं, लोक थांबत नाहीत. मिनिटभर वाट बघतात आणि गेम बंद करतात. ते खरंही होतं. मी जीव तोडून नवी यंत्रणा लिहिली. जवळ-लांब बघायचं नाही, आख्ख्या देशातून जी चार माणसं रिकामी असतील ती उचलायची आणि सोडायची. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच टोळी तयार. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. मी हवेतच होते. नानांना पेढा दिला तेव्हा त्यांनी विचारलं, "कसाना?" मी म्हटलं, "आता थांबावं लागणार नाही, नाना."

पेढा खाऊन झाल्यावर म्हणाले, "लवकर भरनी म्हंजे बरी भरनी, आसं नई व्हस, माय." म्हाताऱ्यांना काय, असं म्हणायची सवयच असते, असं मी मनात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी चारला त्यांना भलतीच तिघं मिळाली. ती सुसाट पळाली, मशाल मागे राहिली. अंधारात कुणीतरी पडलं, मग पडद्यावर हिंदीत अक्षरं आली आणि नाना टोळीतून बाहेर फेकले गेले. ते जिन्याशी आले, मोबाईल माझ्यापुढे धरला.

"माय, 'निकालो इसको' म्हंजे माले का?"

"नाही हो नाना. दुसऱ्या कुणाला असेल." मी खोटं बोलले, आणि ते त्यांना कळलं.

त्यानंतर त्यांनी टोळी घेणंच सोडलं. चारला गेम उघडायचे. पडद्यावर टोळी यायची, ते नको म्हणायचे. पुन्हा यायची, पुन्हा नको. पाच मिनिटांनी मोबाईल उशीखाली. "आपली गाडी येवानी शे," एवढंच. आठवडा गेला. दुपारच्या झोपेतली चोपड्याची हाक बंद झाली. तेव्हा मात्र, वाईट वाटलं की मी नेहमी करते तेच केलं, भांडले.

"नाव विचारलं असतंत तिघांचं, तर एका मिनिटात शोधून दिले असते मी! एक बटण असतं नाना, मैत्री करायचं. तेवढं दाबायला काय झालं होतं?"

नाना शांतपणे म्हणाले, "नाव इचारं का मांगे आडनाव येस. आडनाव उनं का मंग सीट मांगे-पुढे व्हस. मी देखेल शे, माय. म्हनीसन नई इचारं."

मी वर आले, लॅपटॉप उघडला आणि जे बघायला नको ते बघितलं. यंत्रणेच्या नोंदी. माणसांची नावं त्यात नसतात, पण कोण कुठल्या गावातून खेळतंय ते कळतं. मी निळी टोपी शोधली, ढालवाला शोधला, वैद्य शोधला.

तिघंही रोज चारला येत होती. यंत्रणेने लावलेली टोळी नाकारत होती, पाच मिनिटं थांबत होती आणि जात होती. आठवडाभर, रोज. वैद्य जामनेरचा, ढालवाला पिंपळनेरचा. आणि निळी टोपी चोपड्याची.

चार माणसं एकाच वेळी एकमेकांची वाट बघत होती, आणि त्यांच्या मध्ये मी उभी होते, पेढे वाटत.

साहेबांशी तीन दिवस वाद घातला. मला एवढंच हवं होतं की खेळाडूला आधी एक प्रश्न विचारावा: घाईत जायचंय की दमानं? दमानं म्हणणाऱ्यांना वेगळ्या जागी थांबू द्यावं, जवळची माणसं आधी बघावीत, पूर्वी नीट सोबत गेलेली असतील तर त्यांना आधी. साहेब म्हणाले, "अहो, थांबतं कोण आजकाल?"

"आमच्याकडे थांबतात, सर. गाडी भरेपर्यंत थांबतात."

माझा आवाज जरा चढला असावा, कारण ते म्हणाले, बरं, करून बघा महिनाभर.

ज्या दिवशी ते सुरू झालं, त्या दिवशी मी पावणेचारलाच ओट्यावर येऊन बसले. नानांना काही सांगितलं नव्हतं. चारला त्यांनी गेम उघडला. प्रश्न आला. त्यांनी तो मला वाचायला लावला, आणि वाचून झाल्यावर बोट ठेवलं, "दमानं." पडद्यावर चार रिकाम्या जागा आल्या. पहिलीत मशाल. बाकी तीन काळ्या.

मिनिट गेलं. कूलरची घरघर नुसती. दुसरं मिनिट. ढाल आली. नानांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण खाटेवर ताठ झाले. मग वैद्य आला. चौथी जागा काळीच. तीन मिनिटं, चार मिनिटं. यंत्रणा मीच लिहिलेली, आणि मीच जळगावच्या उन्हात ओट्यावर बसून देवाचा धावा करतेय! नानांचा उजवा हात आपोआप हवेत गेला आणि कुणाला तरी बोलावू लागला. तोंडातून पुटपुट, "एकच सीट ऱ्हायनी, एकच सीट..."

निळी टोपी आली.

"भरनी!" नानांनी खाटेच्या लाकडावर दोन थापा मारल्या. पडद्यावर निळी टोपी उड्या मारत होती, दोन नाही, चांगल्या दहा-बारा. मग चौघंही. मी उठून आत गेले आणि गॅसवर पातेलं चढवलं. दोघांचाच चहा, पण नानांनी तो घेतला.

पुढे माझी पुण्याला बदली झाली. जायच्या आदल्या आठवड्यात मला राहवेना. जे नोंदींत बघितलं होतं ते सांगणं बरोबर नव्हतं, मला माहीत होतं. पण गप्प बसणंही जड जात होतं.

"नाना, एकदा चोपड्याला जाऊन या."

"कोन शे तठे?"

"कोण ते विचारायचं नसतं ना, नाना."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग उशीकडे बघितलं, जिथे मोबाईल होता. "बरं," म्हणाले शेवटी, आणि उठून दाढी करायला बसले.

दुसऱ्या दिवशी जेवून बाहेर पडले ते पांढरा शर्ट, पांढरी टोपी, हातात पिशवी. दीड तासाने परत. पिशवी तशीच.

"काय झालं? गाडी नव्हती?"

"व्हती." नाना खाटेवर टेकले आणि लाजल्यासारखं हसले. "भरे ना. मंग मीच हाका मारी भरी. एक बाई कडेवर पोर लिसन व्हती, तिले पुढे बठाडं. एकच सीट ऱ्हायनी, मन्ही सोतानी. आनि मी मांगे जाईसन थापा मारी दिन्या."

"अहो!"

"सुटी गई."

मी हसू लागले, आणि हसता हसता माझे डोळे कधी भरून आले ते मलाच कळलं नाही. पस्तीस वर्षांचा हात तो. भरली म्हटल्यावर थाप मारणारच. नाना म्हणाले, "राहू दे माय, आपलं हाईच बरं शे," आणि चारला मोबाईल उघडून डोंगरावर गेले.

मी पुण्याला निघायच्या दिवशी बस दुपारची होती. नाना पोचवायला आले, हातात तीच पिशवी. मी बॅग बाकावर ठेवली आणि त्यांचा हात धरून सरळ स्टँडबाहेरच्या लिंबाखाली नेलं. तिथे एकच काळी-पिवळी उभी होती, अर्धी रिकामी. ड्रायव्हर बिडी ओढत बसलेला.

"तू काय करी ऱ्हायनी?"

"गाडी भरतेय," मी म्हटलं, आणि ओरडायला लागले. "चोपडा, चोपडा, चोपडाऽऽ!"

लोक बघायला लागले. पाठीला लॅपटॉप लावलेली पोरगी भर उन्हात चोपड्याच्या हाका मारतेय. माझी बस मागे लागलेली मला दिसत होती. पण एक जण आला, मग दोन कॉलेजच्या मुली, मग एक आजोबा. मी प्रत्येकाकडे क्षणभर बघितलं आणि जागा दाखवली. आजोबांचा चेहरा कसल्यातरी काळजीतला वाटला, त्यांना खिडकी दिली. चुकलंही असेल. मला काय, पस्तीस वर्षांचा सराव नव्हता.

ड्रायव्हरशेजारची जागा मी कुणाला दिली नाही. तिथून रस्ता दिसतो.

"नाना, बसा."

"मांगे थाप कोन मारी?"

"मी मारते. तुम्ही बसा."

ते बसले. पिशवी मांडीवर घेतली, दोन्ही हात पिशवीवर, आणि समोरच्या काचेतून बघू लागले. मी मागे गेले. पत्रा उन्हाने असा तापला होता की हात टेकवेना. तरी दोन थापा मारल्या, जोरात.

गाडी सुटली. तापीकडच्या रस्त्याला लागेपर्यंत मी तिची पाठ बघत उभी राहिले. तेवढ्यात माझी बस गेली.